लाडवांची कॉपी

नलिनी आमच्या दारात आली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात कॅसेट, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून नुसते उचक्यांसारखे आवाज. मला वाटलं, हिच्या घरात काहीतरी बरंवाईट झालं.

"काय झालं गं? काका बरे आहेत ना?"

तिनं जोरजोरात मान हलवली, पायरीवर बसकण मारली आणि ओढणी तोंडात कोंबली. तेव्हा कुठं मला उमगलं की ही रडत नाहीये, हसतेय.

"तुझी आई," ती कशीबशी म्हणाली आणि परत आडवी झाली.

"माझ्या आईला काय झालं? ती आत भाकरी थापतेय."

"तुझी आई गोदाक्काच्या शेवटच्या भागात आहे, चारू! मास्तरांच्या शेजारी!"

हे कळायचं तर आधी गोदाक्का सांगायला पाहिजे. त्या काळी दर रविवारी सकाळी रेडिओवर 'गोदाक्काची खाणावळ' नावाची श्रुतिका लागायची. खाणावळ चालवणारी तोंडाळ विधवा गोदाक्का, तिच्याकडं जेवायला येणारे एकेक नमुने, आणि कोपऱ्यातल्या पाटावर मान खाली घालून जेवणारे मास्तर. मास्तरांचं गोदाक्कावर प्रेम होतं, गोदाक्काचं मास्तरांवर होतं, आणि दोन वर्षं झाली तरी दोघांपैकी एकाच्याही तोंडातून ते बाहेर पडत नव्हतं. अख्खी इचलकरंजी त्यापायी झुरत होती. मंडईतल्या भाजीवाल्या बायका गिऱ्हाइकाला वजन करून द्यायच्या आधी विचारायच्या, "काय हो, बोलले का मास्तर?"

आम्हा काही वेड्यांना ते एकदा ऐकून पोट भरायचं नाही. आम्ही ते टेप करायचो. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि घरादाराला दम भरायचा. मग त्या कॅसेटवरून दुसऱ्यांसाठी कॉपी. दोन कॅसेटचं मशीन आमच्यात कुणाकडंच नव्हतं, त्यामुळं दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि दोघांवर मिळून गोधडी पांघरायची. गोधडीतून जे शिरेल ते कॉपीत शिरायचं. आमच्या कॉप्यांत खालून सतत यंत्रमागांची खटखट असायची, कारण गल्लीत घरटी माग. जयसिंगपूरच्या कॉपीत एक कोंबडा होता. सांगलीहून फिरून येणाऱ्या कॉपीत कुणीतरी म्हातारे गृहस्थ दर भागात एकदा शिंकायचे. एका भागात ते शिंकलेच नाहीत, तर आम्हाला आठवडाभर घोर लागून राहिला.

या सगळ्या उद्योगाला शिस्त मात्र कडक होती. कॉपी चालू असताना बोलायचं नाही. घराला आग लागली तरी खुणेनं सांगायचं. आणि आधी कॉपी, मग कान. म्हणजे हातात आलेली कॅसेट आधी पुढच्यासाठी उतरवायची, ऐकायची नंतर. ऐकताना टेप गुंडाळली गेली तर पुढच्या गावांनी काय करायचं?

त्या दिवशी सकाळी गोदाक्का संपली. शेवटचा भाग. मी तो रेडिओवरून टेप केला आणि लगेच कोठीच्या खोलीत गोधडीखाली एकदम दोन कॉप्या लावल्या. मधे माझं मशीन, एका बाजूला नलिनीचं, दुसऱ्या बाजूला शेजारच्या रोकड्यांचं. दार ओढून घेतलं आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभी राहिले, कुल्फीवाला ओरडत आला तर त्याला कोपऱ्यावरच अडवायला. कॉप्या झाल्यावर एक नलिनीनं नेली. दुसरी घेऊन मी स्टँडवर पळाले आणि मिरजेच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिली. न ऐकता. शिस्त म्हणजे शिस्त.

आईला मी आधीच बजावलं होतं, घरात थांबायचं नाही आणि बोलायचं नाही. आई बिचारी शहाण्यासारखी शेजारच्या शेवंतामावशीला घेऊन परसात गेली आणि शेंगा फोडत बसली. बरोब्बर कोठीच्या खिडकीखाली. आणि बोलायचं नाही म्हणून कुजबुजली.

आता मागाच्या गावातली कुजबुज ती काय सांगावी! आमच्याकडं माणूस जन्मल्यापासून त्या खटखटीवरून ओरडून बोलतो. आमची कुजबुज बाहेरगावच्या माणसाला भांडण वाटते.

"लाव," मी नलिनीला म्हणाले.

तिनं कॅसेट माझ्या मशीनमधे घातली. मास्तरांची बदली झालेली. दारात टांगा उभा. ट्रंकेची कडी लागल्याचा आवाज, आणि मागं सारंगी. मास्तर म्हणतात, "गोदाक्का, मी निघू का?" सारंगी हळूहळू लहान होत जाते आणि उरते ती शांतता. दोन वर्षं आम्ही ज्या क्षणाची वाट बघितली तो हा. आणि सारंगी लहान होत गेली तशी माझी आई मोठी होत गेली.

"...आणि म्हणते कशी, मी गोड खात न्हाई बाई! ताटलीतले लाडू साफ केले की गं, शेवंते! आणि जाताना दोन पिशवीत टाकले. मी ह्या डोळ्यांनी बघितलं."

"आँ! पिशवीत?" शेवंतामावशी.

"पिशवीत! आणि पोराचे कान बघितलेस न्हवं? सूप झालंय, सूप! दाणे पाखडायला बरे पडतील."

"खरं लाडू चारूनं झकास केलते हां."

"चारूनं? अगं, तिला रवा कुठला आणि मैदा कुठला हे तरी कळतंय का? मी केले. पोरीनं केले म्हणून सांगायचं असतंय, सांगितलं."

मग गोदाक्काचा दाटलेला आवाज आला, "जेवून जा." आणि शेवटचं संगीत सुरू झालं.

नलिनी जमिनीवर लोळत होती. मला मात्र हसू येत नव्हतं. कारण ते कान भालचंद्र तारळेकरांचे होते, ती पिशवी त्यांच्या आईची होती, आणि दुसरी कॉपी त्यांच्याच घरी निघाली होती.

मागल्या पंधरवड्यात ती मंडळी मला बघायला आली होती. त्याआधी आलेल्या स्थळांनी मला चालायला लावलं होतं, वाचायला लावलं होतं, एकानं तर उजेडात उभं करून बघितलं होतं. मला या प्रकाराचा वीट आला होता. भालचंद्र मिरजेच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक, म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माइकवरून पुकारणारे. आवाज खणखणीत. कान मोठे, ते काही खोटं नाही. मोठ्यांनी आम्हाला बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, तर हे गृहस्थ डोळे मिटून उभे. मला वाटलं, झालं, आणखी एक नमुना.

"हीच खटखट," ते म्हणाले. "एक विचारू? तुमच्या घरात कुणी 'चारू, दार!' असं ओरडतं का?"

"आई ओरडते. तुम्हाला कसं माहीत?"

"गोदाक्काचा पंचमीचा भाग. मास्तर कविता म्हणत असतात आणि मागून आवाज येतो, 'चारू, दार! दूधवाला!' आमच्याकडं येणाऱ्या सगळ्या कॉप्या मागाच्याच. दर वेळी ऐकताना मला वाटायचं, ही चारू दार उघडते तरी की नाही?"

"उघडलं होतं," मी म्हणाले. "पण मास्तरांची कविता संपल्यावर. दूधवाला निघून गेला होता."

ते इतके हसले, इतके हसले की खालून आई वर बघायला आली. मला तिथंच, त्या गच्चीवर, हा माणूस आवडला. सरळ सांगते, जीवच जडला. वर्षभर जो माणूस माझ्या घरातली कुकरची शिट्टी, शिव्या आणि दूधवाला ऐकत आला होता त्याच्यापुढं मला चालून दाखवायची काय गरज होती? जाताना ते म्हणाले, "आमचं घर रुळांच्या कडेला. रविवारी नेमकी त्याच वेळेला गाडी जाते, गोदाक्का तोंड उघडते आणि इंजिन बोलतं. शेवटच्या भागाची कॉपी पाठवाल? आईला शेवट धड ऐकायचाय."

त्यांचा होकार अजून यायचा होता. 'विचार करून कळवतो' एवढंच म्हणाले होते.

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. "कशाला खिदळताय गं?"

"तू बोललीस!" मी ओरडले. "कॉपी चालू असताना बोललीस! सगळं उतरलंय!"

"मी? मी तर कुजबुजत होते!" आई म्हणाली, आणि समोरच्या कारखान्यातल्या दोघातिघांनी मागावरून माना वर केल्या. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "सगळं? सुपाचं पण?"

"सुपाचं पण. पिशवीचं पण. मैद्याचं पण."

आई मटकन बसली. क्षणभरच. मग तटकन उठली आणि आत गेली. "पळ तू. पळ आणि घेऊन ये ती कॅसेट. त्यांनी ऐकायच्या आत." आतून डबे वाजले. ती बाहेर आली ती हातात स्टीलचा डबा घेऊन. "आणि हे घे. लोकांच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये."

"काय आहे?"

"लाडू."

"आई!"

"मग काय नेणार? घरात दुसरं काही न्हाई!"

अशी मी निघाले. पर्समधे रेडिओवरून टेप केलेली मूळ स्वच्छ कॅसेट, बदलून ठेवायला. मांडीवर लाडवांचा डबा. शेजारी नलिनी, जिला मी आधारासाठी घेतलं होतं आणि जी दर थांब्याला डब्याकडं बघून फुटत होती. जयसिंगपुरात तर तिला शेजारच्या बाईनं पाणी दिलं, पोरीला फिट आली म्हणून. मी मनात देवाला सांगत होते, एवढी एक कॅसेट वाचव. दुसरं काही मागत नाही. कान सुपाएवढे असोत नाहीतर परातीएवढे, मला चालतील.

मिरजेत रुळांच्या कडेची ती गल्ली शोधून काढली आणि वळणावरच मी थबकले. गल्लीत चिटपाखरू बोलत नव्हतं. तारळेकरांच्या ओसरीवर मात्र माणसंच माणसं. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, सगळे दाटीवाटीनं बसलेले, आणि सगळ्यांची तोंडं बंद दाराकडं. दाराला कान लावून भालचंद्र उभे. मधोमध लाकडी खुर्चीत त्यांच्या आई, इंदिराबाई. आम्हाला बघताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

कॉपी चालू होती. आधी कॉपी, मग कान.

मी उभीच राहिले. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. 'थांबवा' एवढा एकच शब्द. पण दाराआड गोदाक्का मास्तरांना शेवटची भाकरी वाढत होती, अर्ध्या ओसरीचे डोळे भरलेले होते, आणि माझी जीभ काही केल्या उचलेना. दोन वर्षं ज्या शिस्तीसाठी मी आईला, वडिलांना, कुल्फीवाल्याला दटावलं ती मीच मोडू? माझं लग्न मोडत होतं आणि मी कॉपी बिघडू नये म्हणून गप्प होते. असलं खूळ आमच्याच साखळीत सापडेल.

मग मी खुणा सुरू केल्या. भालचंद्रांना आनंद झाला होता, मोठ्ठा. मी हात हलवून 'बंद करा' म्हणाले. त्यांना वाटलं, उकडतंय. त्यांनी हातपंखा आणून दिला. मी दाराकडं बोट दाखवून हात जोडले. त्यांनी भक्तिभावानं दाराला हात जोडले. मी पर्समधली कॅसेट काढून दाखवली, मग दाराकडं, मग परत कॅसेटकडं, आणि नाही नाही म्हणून मान हलवली. त्यांनी विचार केला आणि ओसरीवरच्या माठातलं पाणी आणून दिलं. शेवटी जिवावर उदार होऊन मी माझे दोन्ही कान धरले आणि हातांनी ते मोठे मोठे करून दाखवले. ते जरा गोंधळले. मग त्यांनी स्वतःचे कान चाचपले आणि लाजले.

नलिनीनं डोकं गुडघ्यांत घातलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते. एका आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. गोदाक्कासाठी रडतेय पोर, असं त्यांना वाटलं असणार.

दाराआड ट्रंकेची कडी वाजली. सारंगी लागली. मला कळलं, आता काही होणे नाही. मी इंदिराबाईंच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले, डबा मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

"गोदाक्का, मी निघू का?"

बंद दारातून मास्तरांचा आवाज पुसट येत होता. माझ्या आईचा आवाज पुसट येत नव्हता. इचलकरंजीहून मिरजेला आला, दोन गोधड्या आणि एक दार ओलांडून आला, तरी शब्द न् शब्द स्वच्छ.

"...मी गोड खात न्हाई बाई! ताटलीतले लाडू साफ केले की गं, शेवंते!"

पिशवी आली. शेवंतामावशीचं "आँ!" आलं. सूप आलं, तेव्हा पन्नास डोळे भालचंद्रांच्या कानांवर गेले आणि ते कान कोकमासारखे लाल झाले. मग रवा आणि मैदा आले. एकेक माणूस आळीपाळीनं इंदिराबाईंकडं, माझ्याकडं आणि माझ्या मांडीवरच्या डब्याकडं बघू लागला. पण बोलत कुणीच नव्हतं. कॉपी चालू होती ना.

"जेवून जा," गोदाक्का म्हणाली.

शेवटचं संगीत सुरू झालं. इंदिराबाईंचा चेहरा दगडासारखा होता. त्या वाकल्या. त्यांनी माझ्या मांडीवरचा डबा उचलला, झाकण उघडलं, आत बघितलं. एक लाडू काढला, त्याचा घास घेतला आणि सावकाश चावला. मग उरलेला लाडू हातात धरून त्या उठल्या, चालत दारापाशी गेल्या आणि दार सताड उघडलं.

भालचंद्रांच्या तोंडून नकळत निघून गेलं, "आई! रेकॉर्ड होतंय!"

"होऊ दे," इंदिराबाई म्हणाल्या. "त्यासाठीच बोलते."

त्या आत गेल्या आणि त्यांनी गोधडी बाजूला केली. मला उघड्या दारातून सगळं दिसत होतं. दोन मशीनसमोर त्या मांडी घालून बसल्या, जशी एखादी बाई माहेरच्या माणसासमोर बसते, आणि रेकॉर्ड करणाऱ्या मशीनकडं वाकून बोलू लागल्या.

"अहो मुसळेबाई, मिरजेहून इंदिरा तारळेकर बोलते. लाडू पिशवीत टाकले, खरं आहे. आमच्या शेजारच्या सोनाबाईंना दाखवायला नेले. आयुष्यभर ती बाई मला रवा भाजायला शिकवत आलीय. म्हटलं, बघ बाई, रवा असा भाजतात."

ओसरीवरून एक किंचाळी ऐकू आली. त्याच सोनाबाई. शेजारणीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"गोड मी खात नाही, हेही खरं आहे. डॉक्टरांनी बंद केलंय. पण डॉक्टरांनी तुमचा लाडू कुठं खाल्लाय? आणि तो मुलीनं केला नाही हे मला पहिल्या घासाला कळलं होतं. एवढ्याशा पोरीच्या हाताला असा रवा सापडत नसतो. 'हो, मीच केले' म्हणताना तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, एवढी वाईट खोटं बोलते. तेवढ्यावरच मी तिला पसंत केली. कानांचं म्हणाल, तर ते ह्याच्या वडिलांचे. मीही माझ्या लग्नात आईला हेच म्हणाले होते. होते सवय."

संगीत संपत आलं होतं. इंदिराबाईंनी लाडवाचा आणखी एक घास घेतला. तोही कॉपीत आहे.

"तर आमचा होकार समजा. तारीख तुम्ही काढा. आणि लग्नातले लाडू तुम्हीच करायचे. आचाऱ्याला हात लावू द्यायचा नाही."

बटण खट्कन वर आलं. आणि त्याच क्षणी गाडी आली.

गाडी आली म्हणजे काय, घर हादरायला लागलं, भांडी वाजायला लागली, आणि इतका वेळ कोंडलेली अख्खी ओसरी एकदम फुटली. माणसं हसत होती, ओरडत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, आणि इंजिनाच्या आवाजात कुणाचं काही कुणाला ऐकू जात नव्हतं. मी रडत होते की हसत होते मला अजून सांगता येत नाही. भालचंद्र उघड्या दारात उभे राहून मला काहीतरी सांगत होते. मी कानाला हात लावून 'काय?' म्हणून विचारलं. तेव्हा त्यांनी फलाटावरची गाडी पुकारावी तसा आवाज लावला.

"चारू, दार!"

मी उठले आणि आत गेले.

संध्याकाळी आईला त्या कॅसेटची एक कॉपी आणून ऐकवली. तिनं दोनदा ऐकली. दुसऱ्या वेळी 'रवा असा भाजतात' या ठिकाणी ती मशीनसमोर सरळ होऊन बसली. मग शेवंतामावशीला म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, बाई चांगली आहे म्हणून?"

पर्समधली स्वच्छ कॅसेट त्या गडबडीत कुणाला आठवलीच नाही. पुढं माझ्या वडिलांनी तिच्यावर स्वतःच्या आवाजात चार भजनं टेप करून ठेवली. त्यामुळं मिरजेहून पुढं पंढरपूर, सोलापूर, बेळगाव जिकडं जिकडं शेवटचा भाग गेला तो लाडवांसकट गेला. आधी कॉपी, मग कान, त्यामुळं कुणाला कळेपर्यंत तो पुढच्या गावात पोचलेला असायचा. माणसं त्याला लाडवांची कॉपीच म्हणू लागली. आमच्या लग्नात ओळखीची ना पाळखीची माणसं पंगतीला आली होती. लाडू वाढायला आई स्वतः फिरली, आणि इंदिराबाईंच्या पानात दोन जास्त टाकून म्हणाली, "पिशवी आणलीय न्हवं?"

ती श्रुतिका आता कुठंच ऐकायला मिळत नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. परवा नातीनं माझ्या फोनवर एक ग्रुप काढून दिला, गोदाक्काच्या वेड्यांचा. कुणाकुणाच्या माळ्यावरच्या कॅसेटी आता फोनमधे उतरवून माणसं एकमेकांना पाठवतात. शेवटचा भागही होता. मी लावला. मागांची खटखट आली, आणि त्या खटखटीतून आई आली.

खाली नांदेडच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, "लाडवांवर बोलणाऱ्या त्या नट्या कोण? काय नैसर्गिक काम केलंय! शेवटी सांगतात त्या नावांत त्यांचं नाव कसं नाही?" कुणी नागपूरकर त्यावर लिहीत होते की लाडवांचा प्रसंग झाल्यावरच त्या 'जेवून जा'ला खरा अर्थ येतो, लेखकाची कमाल आहे. चर्चा बरीच लांबली होती.

मी भालचंद्रांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. मोठ्यांदाच वाचावं लागतं. एवढे कान असून त्यांना आता कमी ऐकू येतं.

दोघीही आज नाहीत. आई गेली, तिच्यामागून वर्षाच्या आत सासूबाई गेल्या. मी चष्मा लावला आणि एका बोटानं टाइप केलं: 'श्रीमती वत्सला मुसळे, इचलकरंजी. श्रीमती इंदिरा तारळेकर, मिरज.' पाठवणार, तेवढ्यात भालचंद्र खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, "आणि ती 'आँ! पिशवीत?' वाली? तिचं राहिलं की."

खरंच राहिलं होतं. मी शेवंतामावशीचं नाव घातलं आणि मग पाठवलं.